सुईच्या आधीची सही



व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, नाटक, संतसाहित्य, फार तर शेती. त्यामुळे पत्रिकेत 'रुग्णालयाची औषधखरेदी' हा विषय वाचून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. एका स्नेह्यांनी तर फोन करून विचारले, "अहो, टेंडरवर तासभर कोण ऐकणार?" मी त्यांना म्हटले, तुम्ही या. नाही आवडले तर मधेच उठून जा. ते आलेले दिसताहेत, आणि दाराजवळची खुर्ची धरून बसलेत. हरकत नाही.

मी उभी हयात औषध भांडारात काढली. इंडेंट, चलन, बॅच नंबर, एक्सपायरी यांच्या पलीकडे मला फारसे काही येत नाही. म्हणून मी आज एकच गोष्ट सांगणार आहे, ती आधी सांगून टाकतो. औषधाची चूक झाली की आपण डॉक्टरांची चिठ्ठी पाहतो, सिस्टरचा हात पाहतो. पण त्या चुकीची जागा पुष्कळदा आधीच ठरलेली असते. ती ठरते खरेदीच्या टेबलावर, एका सहीने. ती सही करणाऱ्याने मनावर घेतले तर अनेक चुका घडण्याआधीच टळतात.

तुम्ही सिव्हिलमध्ये दाखल आहात असे समजा. गोळी कोणी दिली? सिस्टरनी. लिहिली कोणी? डॉक्टरांनी. पण हीच कंपनी, हेच वेष्टन, हीच ताकद असलेली गोळी इथे आणली कोणी? हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्याने आणली त्याला तुम्ही ओळखत नाही, आणि तोही तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर असतो तो तुलनात्मक तक्ता. त्यात सर्वांत कमी दर भरणारा तो 'एल-वन'. सरकारी खरेदीत हा शब्द मंत्रासारखा म्हटला जातो. एल-वनला ऑर्डर दिली की ऑडिटवाला खूश. एल-टूला दिली तर खुलासा लिहा, कारणे द्या, वर्षानुवर्षे फाइल सांभाळा. मग कोण देईल एल-टूला?

आता तुम्हाला १९८६ सालच्या मुंबईत नेतो. जे. जे. रुग्णालय. जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून काही रुग्णांना ग्लिसरॉल पाजले जात होते. जुने, स्वस्त, रोजच्या वापरातले औषध. पण ते पोटात गेल्यावर लोकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १४ माणसे दगावली. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होते, कारखान्यांत वापरले जाणारे विषारी द्रव्य. रंग नाही, चव गोडसर, दिसायला ग्लिसरॉलसारखेच, आणि त्याहून स्वस्त. या शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्या, कारण सगळे घोडे तिथेच पेंड खाते.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. १९८८ साली अहवाल विधिमंडळापुढे आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. अहवालाने अन्न व औषध प्रशासनाचे वाभाडे काढले, हे पुष्कळांना आठवते. पण मला त्यातली खरेदीची बाजू महत्त्वाची वाटते. माल कोणाकडून घेतला? त्याच्याकडे हे औषध करण्याचा रीतसर परवाना होता का? माल दारात आल्यावर कोणी तपासला का? प्रश्न किती साधे आहेत पाहा. यातल्या एकालाही फार मोठी विद्या लागत नाही. विचारायची सवय लागते, आणि 'नाही' म्हणायची मुभा लागते.

कोणी म्हणेल, झाली असेल जुन्या काळी एखादी चूक. पण हेच विष १९३७ साली अमेरिकेत एका औषधातून शंभरावर लोकांना भोवले होते आणि त्यातून पुढल्या वर्षी तिथला औषध कायदा झाला. म्हणजे जे. जे.च्या वेळीच ही माहिती अर्धशतक जुनी होती. आणि पुढे? २०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरे गेली. त्यातली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये हेच डायइथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. जवळजवळ अर्धी बाटली विष!

छिंदवाड्याचे औषध बहुतांश खासगी दुकानांतून गेले, रुग्णालयाच्या टेंडरमधून नाही, हे मी जाणतो. पण मला त्यातला बॅच नंबर हवा आहे. एसआर-१३बद्दल सूचना आली त्या दुपारी एखाद्या रुग्णालयाने आपल्या भांडाराला विचारले असते, 'ही बॅच आपल्याकडे आली का, किती बाटल्या आल्या, कोणत्या वॉर्डात गेल्या, कोणत्या रुग्णाला दिल्या?' तर उत्तर किती वेळात मिळाले असते? सरकारी रुग्णालयांत ई-औषधी ही संगणकप्रणाली आहे, तिच्यात बॅच नोंदवली जाते. पण औषध वॉर्डच्या कपाटात गेले की माग बहुधा तिथेच संपतो. खासगीत तर कच्च्या वहीवर कारभार. बॅच परत मागवता येत नसेल तर ती खरेदी अर्धवट झाली असे मी मानतो.

आणखी एक प्रकरण, आपल्याच राज्यातले. २०२३ साली नागपूरजवळच्या कळमेश्वर ग्रामीण रुग्णालयातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या तपासल्या गेल्या. प्रतिजैविक म्हणून दिल्या जात होत्या. त्यात औषधच नव्हते. पुढे पोलिसांनी आरोपपत्रात म्हटले की ही स्टार्च आणि टाल्कम पावडर होती. वेष्टनावर ज्या कंपनीचे नाव होते ती कंपनीच अस्तित्वात नसल्याचे तपासात दिसले. २०२४ च्या अखेरीस आंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात ॲझिथ्रोमायसिनचेही असेच झाले.

जी कंपनीच नाही तिचा माल टेंडरच्या साखळीतून सरकारी कपाटात पोचतो, याला काय म्हणायचे? पुरवठादाराचा परवाना पाहिला जातो, जीएसटी क्रमांक पाहिला जातो, अनामत रक्कम पाहिली जाते. बनवणारा कोण, हे कागदावरच राहते. माझ्या मते रुग्णालयासाठी खरेदी करणाऱ्याने पाळावा असा पहिला नियम हाच: विकणाऱ्याची नव्हे, बनवणाऱ्याची ओळख पटवा. कारखाना ज्या राज्यात आहे तिथल्या औषध प्रशासनाला विचारा. बॅचचा तपासणी दाखला मागा आणि दाखल्यावरचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. हसू नका. दाखला एका बॅचचा आणि माल दुसऱ्याच बॅचचा, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

इथवर मी खोट्या, भेसळीच्या औषधांबद्दल बोललो. वर्तमानपत्रात तीच येतात. आता खऱ्या औषधांकडे वळू. माझ्या मते त्रास जास्त तिथे आहे, आणि खरेदीदाराच्या हातातही जास्त तिथेच आहे.

इन्सुलिन घ्या. सातारा-सांगलीत मधुमेह नाही असे घर दाखवा! आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुतेक ४० युनिट प्रति मिलिची येते. पेनमधले असते १०० युनिटचे, आणि काही कुप्याही १०० च्या येतात. सिरिंजही दोन जातींच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. लाल आणि केशरी! रात्री तीन वाजता, वॉर्डातल्या पिवळ्या दिव्याखाली, चाळीस पेशंट एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरने हा फरक ओळखायचा. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आहे. हातात १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज आली, सिस्टरनी २० च्या रेघेपर्यंत भरले, तर किती गेले? ५० युनिट. अडीचपट. उलटे झाले तर ८ युनिट, म्हणजे निम्म्याहूनही कमी. सकाळी पेशंट घामाने थबथबलेला, बेशुद्ध. चौकशी कोणाची? सिस्टरची. पण ज्या दिवशी भांडारात १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज एकाच महिन्यात आली, त्या दिवशीच हा घोळ कपाटात जाऊन बसला होता. त्या महिन्यात कोणी विचारले होते का, 'सिरिंज कोणती घेताय?' सिरिंजचे टेंडर वेगळे, इन्सुलिनचे वेगळे. दोन फाइली, दोन टेबले, दोन एल-वन.

यावर उपाय स्वस्त आहे. एका रुग्णालयात कुपीची एकच ताकद ठेवायची, आणि तिला जुळणारीच सिरिंज घ्यायची. दुसरी आणायचीच असेल तर आधी सगळ्या वॉर्डांना सांगून आणायची. एवढेच.

दुसरे उदाहरण पोटॅशियम क्लोराइडचे. १५ टक्क्यांचे, १० मिलिचे अँप्यूल. सलाइनमध्ये मिसळून सावकाश दिले तर जीव वाचवते. तसेच थेट शिरेत ढकलले तर हृदय बंद पाडते. आणि १० मिलिचे प्लास्टिकचे अँप्यूल आणखी कशाचे येते? इंजेक्शनसाठीच्या निव्वळ पाण्याचे. एकाच कंपनीकडून दोन्ही घेतली तर आकार तोच, प्लास्टिक तेच, अक्षरे तेवढीच बारीक. खरेदीदाराला इथे काय करता येते? दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या दिसणाऱ्या वेष्टनातली घ्यावीत. पोटॅशियम सर्व वॉर्डांना न वाटता अतिदक्षता विभागापुरतेच द्यावे. शक्य असेल तिथे आधीच मिसळलेली बाटली घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुका कमी करण्याची मोहीम सुरू केली. तिच्याही कितीतरी आधीपासून जगभर हेच सांगितले जात आहे. तरीही आपल्याकडे ट्रॉलीवर पाणी आणि पोटॅशियम एका डब्यात सापडते.

डोपामिन आणि डोब्युटामिन, नावे सारखी. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, नावे सारखी. हेपारिनची कुपी १,००० युनिट प्रति मिलिचीही येते आणि ५,००० चीही. कुपी तेवढीच, पाणी तेवढेच, औषध पाचपट. या जोड्यांची यादी खरेदी समितीच्या टेबलावर असायला हवी. आणि त्या टेबलाशी एक खुर्ची इन्चार्ज सिस्टरची हवी. आज समितीत कोण असतात? अधीक्षक, लेखा विभागाचे साहेब, एखादे वरिष्ठ डॉक्टर, आणि कोपऱ्यात आमच्यासारखा औषध निर्माण अधिकारी. जी बाई ती कुपी रोज फोडते तिला कोणी विचारत नाही. नमुन्याचे खोके ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली उघडून पाहण्यात अर्थ नाही. ते रात्रपाळीच्या वॉर्डात न्या, आणि चष्मा घालणाऱ्या सिस्टरना वाचायला सांगा. वाचता आले नाही तर तो माल नको, दर कितीही कमी असो.

आता वॉर्डातून घरी येऊ. माण तालुक्यातल्या एखाद्या आजींचा विचार करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाबाची गोळी मिळते. मागच्या महिन्यात पांढरी गोल, या महिन्यात फिकट पिवळी, पुढच्या महिन्यात आणखी वेगळी. औषध तेच, टेंडर बदलले. आजींना इंग्रजी वाचता येत नाही. रंग आणि आकार हीच त्यांची ओळख. डब्यात जुन्या चार उरल्या आहेत. त्या पांढरीही घेतात, पिवळीही घेतात, म्हणजे दुप्पट. उठताना चक्कर, आणि चक्करेतून खुब्याचे हाड. किंवा उलटे: "ही माझी गोळी न्हवं," म्हणून त्या काहीच घेत नाहीत.

खासगी रुग्णालयांत हाच प्रकार 'स्कीम'मुळे होतो. दहावर दोन फ्री, या महिन्यात या कंपनीची, पुढच्या महिन्यात त्या कंपनीची. डॉक्टर मंडळी इथे बसली आहेत, त्यांनी रागावू नये. स्कीमचे पैसे कोणाच्या खिशात जातात हा माझा आजचा विषय नाही. पण दर महिन्याला ब्रँड बदलण्याची किंमत आजी मोजतात, एवढे मी म्हणणार. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारी औषधे, निदान यांच्या बाबतीत तरी खरेदी वर्षभराची, एकाच दिसण्याची ठेवा. आणि बदलायचेच झाले तर पुडीवर मराठीत दोन ओळी लिहा: 'रंग बदलला आहे, गोळी तीच आहे. जुनी असेल तर आधी ती संपवा.' मिरजेत तर हे कन्नडमध्येही लिहायला हवे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे केले तेव्हापासून सीमेपलीकडची माणसे रेल्वेने मिरजेला येतात आणि औषधाची पुडी घेऊन परत जातात. घरी ती पुडी कोण वाचणार?

गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देण्याबद्दलही बोलायला हवे. चार गोळ्या कापल्या की एक्सपायरी एका तुकड्यावर, नाव दुसऱ्यावर. प्रत्येक गोळीमागे नाव आणि मुदत छापलेली पट्टी मिळते. मागायची तेवढी गरज आहे.

तुटवड्याचा सुरक्षेशी काय संबंध, असे विचारले जाते. फार जवळचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालके. औषधे कमी पडली का यावर मोठा वाद झाला, आणि मी त्याचा निवाडा करायला बसलेलो नाही. पण भांडारातला माणूस म्हणून मला तुटवड्याचे चक्र ठाऊक आहे. नेहमीचे औषध संपते. मग घाईची स्थानिक खरेदी होते. दरपत्रके एका दिवसात गोळा होतात, जे मिळेल ते येते. ताकद वेगळी, ब्रँड अनोळखी. रात्रपाळीला कोणी सांगत नाही. मघाशी सांगितलेले पाचपट हेपारिन अशाच दिवशी येते. आणि तुटवडा का होतो? मागणी उशिरा जाते, हे एक. पण दुसरे कोणी बोलत नाही: बिले वर्ष-वर्ष थकतात. ज्या कंपनीचे नाव आहे ती अशा ठिकाणी टेंडर भरत नाही. उरतात ते थकबाकी सोसण्याइतके जाडजूड दर लावणारे, किंवा मालात हात मारून भरपाई करणारे. वेळेवर बिल देणे हा रुग्णसुरक्षेचा भाग आहे, असे मी म्हटले की लेखा विभागाचे मित्र माझ्याकडे पाहून हसतात.

हे सगळे कुठे नीट होते का? होते. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. माल गोदामात आला की आधी वेगळा ठेवायचा. नमुने काढायचे, त्यांवरचे कंपनीचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक द्यायचा, म्हणजे प्रयोगशाळेलाही कळू नये कोणाचे आहे. पास झाला तरच वाटायचा. नापास ठरणाऱ्या कंपनीवर बंदी. आणि दर? एकत्र मोठी खरेदी, त्यामुळे तेही कमी. म्हणजे स्वस्त हवे की सुरक्षित, हा वाद मुळात खोटा आहे. छिंदवाड्याचे औषध त्याच राज्यात बनले, हेही मला ठाऊक आहे. खरेदीची शिस्त आणि कारखान्यांवरची नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे म्हणून दुसरी येतेच असे नाही. आपल्या राज्याने २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे दिली, मग २०२३ मध्ये त्यासाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा केला. प्राधिकरणाची पाटी बदलण्यापेक्षा गोदामात माल थांबवण्याची ताकद त्याला मिळाली का, हे आपण विचारत राहू.

पण सगळे मुंबईवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. कराड, फलटण, वाई, विटा, इस्लामपूर, मिरज इथे लहान-मोठी खासगी रुग्णालये आहेत. प्रत्येकाची खरेदी इतकी लहान की कंपनी त्यांचे ऐकत नाही, आणि तपासणी त्यांना परवडत नाही. मग एकत्र का येत नाहीत? आपला सातारा जिल्हा आणि शेजारचा सांगली जिल्हा सहकारावर उभे आहेत. आपल्या गावची डेअरी फॅट आणि डिग्री लावल्याशिवाय गवळ्याचे दूध घेत नाही, मग तो गवळी चेअरमनचा मेहुणा का असेना. आणि लेकराच्या तोंडात जाणारे सिरप मात्र बिल पाहून आत घ्यायचे? वीस-पंचवीस रुग्णालयांनी मिळून मोजक्या औषधांची एक खरेदी करावी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बॅचचे नमुने मिळून तपासून घ्यावेत, आणि निकाल सर्वांनी वाटून घ्यावा. नापास बॅच अन्न व औषध प्रशासनाला कळवावी. दुष्परिणाम कळवायला राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा नंबर आहे. तो डॉक्टरांसाठीच नाही, तुमच्यासाठीही आहे.

खर्च कोण करणार, हा प्रश्न येणारच. एका डॉक्टर मित्रांनी मला हेच विचारले. मी म्हटले, स्कीममधल्या फुकटच्या दोन खोक्यांऐवजी कंपनीकडून बॅचचा तपासणी खर्च मागून पाहा. जी कंपनी एवढ्यानेच माघार घेईल तिच्याबद्दल तुम्हाला फुकटात माहिती मिळाली.

सुरुवात पाच औषधांनी करावी असे मला वाटते. इन्सुलिन आणि त्याची सिरिंज. पोटॅशियम क्लोराइड. हेपारिन. लहान मुलांची पातळ औषधे. पाचवे मी ऑक्सिटोसिन घेतो. ते दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते, आणि एप्रिलच्या दुपारी खंबाटकी घाट चढून आलेल्या टेम्पोतून ते भर उन्हात उतरवलेले मी पाहिले आहे. त्याच्या खोक्यात तापमान नोंदवणारे यंत्र आले नाही तर खोके स्वीकारू नये. ऑक्सिटोसिनच्या जागी भुलीचे औषध घ्या, असे इथले भूलतज्ज्ञ म्हणणार, हे मला ठाऊक आहे. त्यांचे-माझे यावर पूर्वीपासून जमत नाही. तो वाद चहाच्या वेळी घालू. दाराजवळच्या माझ्या स्नेह्यांनीही थांबावे.